पेशींवरचा ताण : रक्षण करणारा प्रतिसाद रोगाला कारण केव्हा ठरतो?

‘ताण’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात मनाशी जोडला गेला आहे. परीक्षेचा ताण, कर्जाच्या हप्त्यांचा ताण, घरातील आजारपणाचा ताण असे आपण सहज म्हणतो. जीवशास्त्रात मात्र या शब्दाची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. सजीवाचे, किंवा त्याच्या एखाद्या पेशीचेही, अंतर्गत संतुलन बिघडवू पाहणारी कोणतीही परिस्थिती म्हणजे ताण. कडक ऊन, उपासमार, प्राणवायूची कमतरता, विषारी द्रव्य, विषाणूंचा संसर्ग, अतिनील किरण हे सर्व ताणाचेच प्रकार होत. मन नसलेल्या जिवाणूलाही ताण सोसावा लागतो आणि त्याला तोंड देण्याची त्याची स्वतःची व्यवस्था असते.

ताणाला दिलेला प्रतिसाद हा मुळात आजार नसतो. तो जीव वाचवण्यासाठी उभी राहिलेली तात्पुरती व्यवस्था असतो. ही व्यवस्था वेळेवर सुरू झाली आणि काम संपताच थांबली, तर शरीर सावरते. ती सुरूच झाली नाही, किंवा सुरू होऊन थांबली नाही, तर त्याच व्यवस्थेतून रोग उद्भवतात. मधुमेह, कर्करोग, मज्जासंस्थेचे ऱ्हासजन्य विकार, उष्माघात अशा परस्परांपासून दूर वाटणाऱ्या रोगांना जोडणारा हा समान धागा आहे.

संकल्पनेची जडणघडण

बाहेरची परिस्थिती बदलत असतानाही शरीराच्या आतील वातावरण जवळजवळ स्थिर राहते, हा विचार एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी मांडला. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले; मराठीत त्यासाठी ‘समस्थिती’ हा शब्द वापरला जातो. भय, वेदना किंवा राग यांच्या वेळी प्राण्याचे शरीर लढण्यास किंवा पळण्यास कसे सज्ज होते, याचे कॅनन यांनी केलेले विवेचन आजही पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते.

‘ताण’ ही संकल्पना वैद्यकात रुजवण्याचे श्रेय हान्स सेली यांना दिले जाते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचून नव्या संप्रेरकाचा शोध घेत होते. अर्क कोणताही असला तरी उंदरांत तेच तीन बदल दिसत : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, थायमस आणि लसीका ग्रंथी आक्रसत आणि जठरात व्रण पडत. पुढे थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा अगदी वेगवेगळ्या कारणांनीही हेच घडते, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका छोट्या पत्राच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले. सेली यांनी या प्रतिसादाचे तीन टप्पे सांगितले : इशारा, प्रतिकार आणि थकवा. प्रतिकाराचा टप्पा अमर्याद काळ टिकू शकत नाही, हा त्यांच्या मांडणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग होता.

शरीराच्या पातळीवरील प्रतिसाद

धोक्याची जाणीव झाल्यावर शरीरात दोन मार्ग कार्यान्वित होतात. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. तो काही सेकंदांत काम सुरू करतो. अनुकंपी चेतासंस्थेकडून संदेश मिळताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत रक्तात साखर सोडते, स्नायूंकडे जाणारे रक्त वाढते आणि पचनसंस्थेकडे जाणारे कमी होते.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. त्याला काही मिनिटे लागतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते आणि त्यांच्या बाह्य थरातून कॉर्टिसॉल स्रवते. कॉर्टिसॉल साठवलेली ऊर्जा मोकळी करते, रक्तदाब टिकवते आणि प्रतिकार यंत्रणेला आवर घालते, जेणेकरून दाह हाताबाहेर जाऊ नये. विशेष म्हणजे हेच कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचून ‘आता पुरे’ असा उलट संदेशही देते. म्हणजे प्रतिसाद थांबवण्याची सोय प्रतिसादातच केलेली असते. निरोगी माणसात कॉर्टिसॉलचे प्रमाण पहाटे वाढत जाते, सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते.

या व्यवस्थेची दोन टोके दोन रोगांत स्पष्ट दिसतात. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की उद्भवणाऱ्या रोगाचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले. ॲडिसनच्या रोगात कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही. असा रुग्ण साध्या तापाने किंवा जुलाबानेही कोसळू शकतो, कारण ताण पेलण्याची यंत्रणाच उरलेली नसते. याउलट हार्वी कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात कॉर्टिसॉल दीर्घकाळ अति प्रमाणात असते. त्यातून रक्तदाब आणि रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, त्वचा पातळ होते आणि संसर्ग सहज होतात. एकच द्रव्य अजिबात नसेल तर माणूस दगावू शकतो आणि सतत जास्त असेल तर झिजतो.

याच कारणाने दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड गोळ्यांवर डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते. बाहेरून औषध मिळत राहिल्याने अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या परस्पर एकाएकी बंद केल्यास शरीर ताणाच्या वेळी उघडे पडते. म्हणून त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

फळमाशीने दाखवलेली वाट

शरीराला मेंदू आणि ग्रंथी आहेत. पण एकट्या पेशीचे काय? या प्रश्नाचे उत्तर इटलीतील नेपल्स येथील प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे मिळाले. फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. ही गुणसूत्रे इतकी मोठी असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातही त्यांच्यावरचे पट्टे दिसतात आणि जेथे जनुक जोमाने कार्यरत असते तेथे फुगवटा दिसतो. ऊतींना उबदार ठेवणाऱ्या पेटीचे तापमान कोणीतरी वाढवले होते. रितोसा यांनी पाहिले तर गुणसूत्रांवर काही ठरावीक ठिकाणी नवेच फुगवटे उमटलेले होते. उष्णतेमुळे विशिष्ट जनुके काही मिनिटांत जागी होतात, असा त्याचा अर्थ होता. हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्याआधी एका नामवंत नियतकालिकाने त्यात जीवशास्त्रीय महत्त्वाचे काही नाही, असे सांगून ते परत पाठवले होते.

त्या जनुकांपासून कोणती प्रथिने तयार होतात, हे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांना ‘उष्णताघात प्रथिने’ असे नाव मिळाले. रेणूच्या वजनावरून त्यांची एचएसपी-७०, एचएसपी-९० अशी नावे रूढ झाली. पुढे हीच प्रथिने जिवाणू, यीस्ट, वनस्पती आणि मानव या सर्वांत सापडली. जिवाणूचे एचएसपी-७० आणि मानवाचे एचएसपी-७० यांची रचना निम्म्याच्या आसपास सारखी आहे. अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीत जे टिकून राहिले ते अनावश्यक असण्याची शक्यता नाही.

या क्षेत्रात भारतीय संशोधकांचेही जुने योगदान आहे. सुभाषचंद्र लाखोटिया यांनी १९७० मध्ये अ. स. मुखर्जी यांच्यासमवेत, बेंझामाइड या रसायनाने फळमाशीच्या गुणसूत्रावरील ठरावीक असा एकच फुगवटा जागा होतो, हे दाखवले. तोच फुगवटा उष्णतेनेही जागा होतो. त्या जागी असलेल्या जनुकावर लाखोटिया यांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षे काम केले. त्या जनुकापासून प्रथिनाचा संदेश नव्हे, तर स्वतःच नियमनाचे काम करणारा आरएनए तयार होतो.

पाठराखीण प्रथिने

उष्णतेने पेशीत नेमके काय बिघडते? अंडे उकडले की त्यातील पारदर्शक बलक पांढरा आणि घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली, तरच काम करते. तापमान काही अंशांनी वाढले तरी अनेक प्रथिनांच्या घड्या सैल होऊ लागतात. उघड्या पडलेल्या चिकट भागांमुळे त्यांचे गोळे बनतात आणि ते पेशीला घातक ठरतात.

उष्णताघात प्रथिने अशा सैल झालेल्या साखळीला धरून ठेवतात, इतरांना चिकटू देत नाहीत आणि पुन्हा नीट दुमडण्यास अवसर देतात. इंग्रजीत त्यांना जे नाव आहे, त्याच्या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा शब्द मराठीत आहे : पाठराखीण. सासरी पहिल्यांदा निघालेल्या मुलीसोबत जाणारी पाठराखीण संसार करत नाही; ती फक्त सोबत करते आणि घडी बसली की परत येते. ही प्रथिनेही अंतिम रचनेचा भाग होत नाहीत. दुमडणे पूर्ण झाले की बाजूला होतात. पाठराखीण प्रथिनांच्या या कार्यावरील मूलभूत संशोधनासाठी फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉरविच यांना २०११ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

ताण आला हे पेशीला कसे कळते, याचेही उत्तर आता माहीत आहे. एचएसएफ-१ नावाचे एक प्रथिन उष्णताघात जनुकांचे कुलूप उघडते. एरवी पाठराखीण प्रथिने त्याला अडकवून ठेवतात. उलगडलेली प्रथिने वाढली की पाठराखिणी त्यांच्या मदतीला धावतात, एचएसएफ-१ मोकळे होते, केंद्रकात शिरते आणि नव्या पाठराखिणींच्या निर्मितीचा आदेश देते. त्या पुरेशा झाल्या की एचएसएफ-१ पुन्हा अडकते. येथेही थांबण्याची सोय आतच आहे.

शरीराची आणि पेशीची यंत्रणा एकमेकींशी जोडलेली आहे. कॉर्टिसॉलचा संदेश स्वीकारणारे प्रथिन पेशीत एचएसपी-९० आणि तिच्या साथीदारांनी सज्ज अवस्थेत धरून ठेवलेले असते. पेशीतील पाठराखीण नसेल, तर शरीराने पाठवलेला संदेश घेण्यास कोणी उरणार नाही.

सौम्य ताणाचा उपयोगही याच यंत्रणेतून समजतो. थोड्या उष्णतेतून गेलेल्या पेशी पुढील काही काळ तीव्र उष्णता सहन करू शकतात. हृदयाच्या बाबतीतही असेच घडते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९८६ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हृदयाची एक रक्तवाहिनी प्रत्येकी पाच मिनिटे अशी चार वेळा बंद करून उघडण्यात आली. त्यानंतर ती ४० मिनिटे बंद ठेवली असता हृदयस्नायूची हानी, अशी पूर्वतयारी न झालेल्या कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांशच झाली. या पूर्वतयारीत उष्णताघात प्रथिनांखेरीज इतर मार्गांचाही वाटा असतो.

पेशीच्या कारखान्यातील कोंडी

पेशीबाहेर पाठवायची प्रथिने, उदाहरणार्थ इन्सुलिन किंवा प्रतिपिंडे, आंतर्द्रव्यजालिका नावाच्या घड्याघड्यांच्या पटलात दुमडली जातात. मागणी वाढली किंवा दुमडणे बिघडले की तेथे कोंडी होते. या कोंडीची खबर जालिकेच्या पटलावर बसलेले तीन पहारेकरी रेणू केंद्रकाला देतात. त्यांतील पहिल्याचा शोध १९९३ मध्ये काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांच्या गटांनी यीस्टमध्ये लावला. दोघांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

खबर मिळाल्यावर पेशी तीन गोष्टी करते : नव्या प्रथिनांची निर्मिती तात्पुरती मंदावते, जालिकेतील पाठराखिणी वाढवते आणि दुरुस्त न होणारी प्रथिने मोडीत काढते. कोंडी तरीही सुटली नाही, तर हीच यंत्रणा सूर बदलते आणि पेशीला नियोजित मृत्यूकडे नेते. बिघडलेली एक पेशी नाहीशी होणे शरीराच्या दृष्टीने हिताचे असते. पण अशा पेशी मोठ्या संख्येने मरू लागल्या तर तोच रोग ठरतो.

मधुमेहात हे स्पष्ट दिसते. वॉलकॉट-रॅलिसन या अत्यंत दुर्मीळ आनुवंशिक विकारात तीन पहारेकऱ्यांपैकी पर्क नावाचा पहारेकरी जन्मतःच सदोष असतो. प्रथिननिर्मिती वेळेवर मंदावत नाही, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कोंडीने मरतात आणि बालकाला अगदी तान्ह्या वयातच मधुमेह होतो. प्रौढ वयातील सामान्य मधुमेहात पहारेकरी शाबूत असतात. पण लठ्ठपणामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, स्वादुपिंडावर वर्षानुवर्षे जादा उत्पादनाचा भार पडतो आणि हळूहळू त्या पेशी थकतात. सेली यांनी संपूर्ण शरीरासाठी सांगितलेला थकव्याचा टप्पा येथे एका प्रकारच्या पेशींत घडतो.

प्राणवायू, जनुके आणि स्वच्छता

इतर ताणांसाठी पेशीकडे इतर व्यवस्था आहेत. प्राणवायू कमी झाला की एचआयएफ नावाचे प्रथिन साचते; ते नव्या रक्तवाहिन्या आणि तांबड्या पेशी तयार करण्याचे आदेश देते. प्राणवायू पुरेसा असताना हे प्रथिन सतत नष्ट केले जाते. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएला इजा झाल्यास पी-५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मृत्यूकडे पाठवते. उपासमारीत पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग पचवून त्यातून कच्चा माल मिळवते. या आत्मभक्षणाच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

कर्करोगाच्या पेशी या सर्व व्यवस्थांचा गैरफायदा घेतात. त्या अति वेगाने वाढतात, त्यांची प्रथिने सदोष असतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो. म्हणजे त्या कायम ताणात असतात. तरीही त्या तगतात, कारण पाठराखीण प्रथिने आणि एचआयएफ यांचा आधार त्या कमाल मर्यादेपर्यंत वापरतात. पी-५३ चे जनुक मात्र अनेक कर्करोगांत बिघडलेले आढळते. म्हणजे जगवणारी शाखा चालू आणि मृत्यूकडे नेणारी शाखा बंद, अशी त्यांची स्थिती असते. उपचारात याच दुबळेपणाचा उपयोग होतो. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातील पेशी प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात बनवतात. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध निकामी प्रथिने मोडण्याची यंत्रणा अडवते. आधीच काठोकाठ भरलेल्या या पेशी त्यामुळे कोलमडतात.

वार्धक्यात उलट चित्र दिसते. वयानुसार पाठराखिणींचा पुरवठा आणि सफाईची गती मंदावते. अल्झायमर, पार्किन्सन आणि हंटिंग्टन या विकारांत मेंदूमध्ये चुकीच्या घड्यांच्या प्रथिनांचे साठे आढळतात. मज्जापेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत, म्हणून त्यांना ही कोंडी अधिक भोवते.

प्रतिसाद थांबत नाही तेव्हा

दीर्घकाळ चाललेल्या प्रतिसादाची शरीराला मोजावी लागणारी किंमत ब्रूस मॅक्युअन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक भार’ या संज्ञेत मांडली. वारंवार येणारे ताण, त्यांची सवय न होणे, ताण संपल्यावरही प्रतिसाद न थांबणे आणि प्रतिसाद अपुरा पडणे, या सर्वांनी हा भार वाढतो. अपुरी झोप, रात्रपाळी, सततची आर्थिक असुरक्षितता, आजारी माणसाची वर्षानुवर्षे एकट्याने करावी लागणारी शुश्रूषा ही त्याची ओळखीची उदाहरणे. रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी, रक्तशर्करा आणि संथ दाह यांच्या रूपाने हा भार शरीरात नोंदला जातो.

मात्र प्रत्येक रोगाचे खापर ताणावर फोडणेही अशास्त्रीय आहे. जठरातील व्रण अनेक दशके ‘ताणाचा आजार’ मानला गेला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले आणि प्रतिजैविकांनी ते बरे होऊ लागले. त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. पेशींतील ऑक्सिडीकारक ताणावर जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा उपाय, अशी जाहिरात सर्रास होते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. पेशीतील सूक्ष्म तोल बाहेरून ढकलला की तो नेहमी सुधारतोच असे नाही.

उष्माघात : सर्व पातळ्या एकत्र येतात तेव्हा

पेशीपासून संपूर्ण शरीरापर्यंतचा हा सारा प्रवास एकाच रोगात काही तासांत पाहायचा असेल, तर तो उष्माघातात दिसतो. शरीर तापू लागले की त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो आणि घाम येतो. घाम शरीराला थंड करतो तो वाहून नव्हे, तर वाळून. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. हवेत बाष्प जास्त असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो; पाणी आणि क्षार जातात, उष्णता मात्र आतच राहते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात तापमापकावरील आकडा नागपूर किंवा ग्वाल्हेरपेक्षा कमी असूनही त्रास होतो, त्याचे कारण हे आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही हा भेद आहे : उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस लागते, किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची वाढ पुरेशी मानली जाते.

त्वचेकडे वळवलेले रक्त आतड्यांकडून काढून घेतलेले असते. हा प्रतिसाद लांबला की प्राणवायूअभावी आतड्यांचे अस्तर सैल होते आणि तेथील जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपतात. पेशींतील प्रथिने उलगडू लागतात, पाठराखिणी अपुऱ्या पडतात, दाह भडकतो, रक्त जागोजागी गोठते, स्नायू विरघळतात आणि त्यांतील द्रव्यांनी मूत्रपिंडे तुंबतात. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर आणि त्यासोबत बरळणे, तोल जाणे, झटके किंवा बेशुद्धी, ही उष्माघाताची लक्षणे होत. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. ‘घाम येतोय म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा आहे.

अशा वेळी पहिले अर्धा तास निर्णायक असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत थांबू नये. रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही. तापात मेंदूने स्वतःच तापमानाची पातळी वाढवलेली असते आणि औषध ती खाली आणते. उष्माघातात तसे काही घडलेले नसते.

उष्णतेची सवय हीदेखील ताणाच्या प्रतिसादाचीच देणगी आहे. सात ते चौदा दिवस रोज थोडा थोडा वेळ उष्णतेत काम केले की घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातून क्षार कमी जातात, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि पेशींतील उष्णताघात प्रथिनांचा साठाही वाढतो. काही आठवडे खंड पडला की ही सवय ओसरते. म्हणून मिठागरात, बांधकामावर किंवा शेतात नव्याने लागलेल्या, अथवा सुटीनंतर परतलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळेचे काम देणे धोक्याचे असते. वृद्ध, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्ती यांची राखीव शक्ती आधीच कमी असते.

हे ज्ञान सार्वजनिक व्यवस्थेत उतरवता येते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील तो अशा प्रकारचा पहिला मानला जातो. आगाऊ इशारा, पाण्याची सोय, कामाच्या वेळांत बदल आणि रुग्णालयांची सज्जता ही त्याची अंगे होत.

सारांश

जिवाणूपासून माणसापर्यंत ताणाच्या प्रतिसादाची रचना एकसारखी आहे : बिघाड ओळखणे, नेहमीचे काम मंदावणे, दुरुस्ती करणे आणि दुरुस्ती होताच पूर्ववत होणे. यातील शेवटची पायरी हुकली की रक्षणाची यंत्रणा हानीचे कारण बनते. औषधे या यंत्रणेच्या काही दुव्यांवर काम करू शकतात. झोप, विश्रांती, सावली, पाणी आणि कामात मिळालेला मोकळा वेळ यांचे काम मात्र त्याहून मूलभूत आहे : प्रतिसाद संपण्यास ती अवधी देतात. भर दुपारी उन्हात काम करणाऱ्या माणसाला मिळालेली अर्ध्या तासाची सुटी ही सवलत नव्हे; पेशींना दुरुस्तीसाठी लागणारा तो वेळ आहे.